काळ्या मातीच्या परसात मुलांसाठी वाळूचा हौद

लातूर शहराच्या कडेला राहणाऱ्या एका आजींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागे १२ बाय १५ फुटांची मोकळी जागा आहे आणि जमीन काळी आहे. नात ३ वर्षांची आणि नातू ६ वर्षांचा आहे. दोघांना वाळूत खेळण्यासाठी कायमची जागा करून द्यायची आहे. मिस्त्री म्हणतात की दोन फूट खड्डा खणून त्यात वाळू भरू, म्हणजे एका दिवसात काम होईल. मुलाचे म्हणणे असे की गच्ची रिकामीच आहे, वाळू तेथेच टाकावी. वाळू कोणती घ्यावी, मांजरांचा बंदोबस्त कसा करावा आणि पाण्याची टंचाई असताना हे सारे परवडेल का, हेही त्यांनी विचारले आहे.

ताई, खड्डा खणू नका. मी गेली २८ वर्षे परभणी, नांदेड आणि लातूर या भागांत बांधकामाची कामे घेतो. त्यांत बालवाड्यांच्या आवारांची कामेही बरीच आली, आणि मुलांसाठी वाळूचे हौद मी डझनभर तरी बांधले असतील. त्यांतले पहिले दोन माझ्या हातून पूर्ण फसले, आणि दोन्हींच्या फसण्याचे कारण तुमच्या मिस्त्रींनी सुचवलेला तो खड्डाच होता. पहिला एका बालवाडीच्या मागच्या अंगणात होता. मे महिन्यात दोन फूट खणले, तळाशी विटांचे तुकडे टाकले आणि वर सुंदर चाळलेली वाळू भरली. मुले आठवडाभर तेथून हलायला तयार नव्हती. मृगाचे दोन पाऊस झाले आणि त्या खड्ड्यात मुलांच्या गुडघ्यापर्यंत पाणी साचले. ते पाणी पोळ्यापर्यंत आटले नाही. वाळूवर हिरवे शेवाळ आले, डास झाले, आणि शेवटी बाईंनी तो खड्डा मुरूम टाकून बुजवून घेतला. मजुरी मी परत केली, पण बाईंचा चेहरा अजून आठवतो.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढचे सगळे बांधकाम आपोआप उलगडते. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून तयार झालेली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. ही चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन एकजीव होते. एकदा फुगल्यावर तिच्यातून पाणी खाली उतरत नाही म्हटले तरी चालेल. अशा जमिनीत खड्डा खणणे म्हणजे मातीचे मोठे टोपले जमिनीत पुरून ठेवणे आहे. चहूबाजूंचे पाणी उताराने त्यात येते आणि बाहेर जायला वाट नसते. कोकणातील जांभ्यावर किंवा नदीकाठच्या पोयट्यावर खड्डा चालून जाईल, पण आपल्याकडे वाळू जमिनीच्या वर राहिली पाहिजे. खाली मुरमाचा ओटा, त्याच्यावर बुटकी भिंत आणि भिंतीच्या आत वाळू, एवढेच हे काम आहे.

गच्चीचा विचार मात्र लगेच सोडून द्यावा. एक घनफूट वाळू साधारण ४५ किलो भरते, आणि भिजली की त्याहून जास्त. एक फूट जाडीचा थर टाकला तर दर चौरस मीटरला ४८० किलोच्या आसपास भार येतो. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी स्लॅबच्या हिशेबात वापराचा भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो धरलेला असतो. म्हणजे तिपटीहून अधिक भार, तोही एका जागी आणि कायमचा. शिवाय वाळूखाली गच्चीचा कोबा सतत ओला राहून गळती सुरू होते आणि पावसात वाळू पन्हाळीच्या पाइपात जाऊन बसते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी प्लास्टिकच्या मोठ्या टबात चार-पाच इंच वाळू घेऊन बाल्कनीत ठेवावी, त्याला कोणाची हरकत नाही.

आता परसातील नेमकी जागा. पहिली अट अशी की स्वयंपाकघराच्या खिडकीतून किंवा मागच्या दारातून हौद सरळ दिसला पाहिजे. तीन वर्षांच्या मुलीला नजरेआड खेळू देता येत नाही, आणि घरातील मोठ्यांना दर वेळी बाहेर येऊन बसावे लागले तर हौदाचा वापर महिनाभरात थांबतो. दुसरी अट जुन्या घरांना विशेष लागू आहे. परसात बोअर असेल तर त्याचे तोंड झाकणाने पक्के बंद आहे का, पाण्याची जमिनीखालची टाकी असेल तर तिचे झाकण मुलाला उचलता येईल का, आणि मोटारीची वायर उघडी तर नाही ना, हे सारे काम सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावे. वाळूचा हौद झाला की मुले दिवसातील दोन-तीन तास त्याच आवारात असणार, हे लक्षात ठेवून आधी आवार तपासले पाहिजे. सेप्टिक टँक आणि सांडपाण्याची मोरी यांच्यापासून जितके दूर जाता येईल तितके जावे.

झाडाखाली हौद करण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि तो अगदीच चुकीचा नाही, पण झाड कोणते ते पाहावे लागते. कडुनिंबाची सावली उत्तम असते, मात्र मे-जूनमध्ये निंबोळ्यांचा सडा पडतो आणि तो रोज वेचावा लागतो. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचे थवे बसतात. त्यांचा केस अंगाला लागला की मूल रात्रभर खाजवत बसते, म्हणून शेवगा नको. बाभूळ आणि बोर काट्यांमुळे बाद होतात. कण्हेरीविषयी मी जरा आग्रहाने सांगतो. देवाच्या फुलांसाठी पिवळी कण्हेर आपल्याकडे परसापरसात असते. तिच्या बिट्ट्या मुले खेळायला गोळा करतात आणि त्या विषारी असतात. हौद जवळ करायचा असेल तर आधी ती कण्हेर काढावी. धोतरा आणि एरंड उगवले असतील तर तेही उपटून टाकावेत.

तुमच्या जागेत आतून ६ बाय ६ फुटांचा हौद पुरेसा आहे. दोन मुले आणि शेजारचे एक-दोन पाहुणे त्यात सुखाने खेळतील. त्याहून मोठा केला तर वाळूचा खर्च आणि झाकणाची अडचण दोन्ही वाढतात. कामाला उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतर येळवशीपर्यंतचा, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येपर्यंतचा. तेव्हा जमीन फुगलेलीही नसते आणि भेगाळलेलीही नसते, त्यामुळे ओटा नंतर फारसा हलत नाही.

साडेआठ बाय साडेआठ फुटांचा चौरस आखून वरची सहा इंच काळी माती काढून टाकावी आणि तेथे मुरूम भरावा. मुरूम चार-चार इंचांच्या थरांनी टाकून, पाणी मारून, धुमसाने चांगला ठोकून घ्यावा आणि त्याची पातळी मूळ जमिनीच्या चार इंच वर आणावी. सहा इंच माती काढणे हे खड्डा खणणेच झाले, असे कोणी म्हणेल, पण येथे तो भाग ठोकलेल्या मुरमाने भरलेला आहे आणि वाळूचा तळ जमिनीच्या वर आहे, म्हणून पाणी वाळूत थांबत नाही. वरच्या पृष्ठाला घरापासून दूर जाणाऱ्या बाजूस दोन इंच उतार द्यावा. सैल मुरूम साधारण एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट लागेल. ठोकल्यावर तो बराच बसतो, आणि उरलेला पुढे पायरीसाठी उपयोगी येतो.

ओट्यावर भिंतीच्या रेषेत चार इंच जाडीचे काँक्रीट टाकून त्यात ८ मिमीच्या दोन सळया चहूबाजूंनी अखंड फिरवाव्यात. मिस्त्री याला हसतील, दीड फुटाच्या भिंतीला सळया कशाला, असे म्हणतील. काळ्या मातीवरची भिंत एका कोपऱ्यात उचलली जाते आणि दुसऱ्या कोपऱ्यात बसते. सळयांनी बांधलेली पट्टी असेल तर सगळा चौरस एकत्र हलतो आणि भेग पडत नाही. माझा दुसरा हौद याच कारणाने कोपऱ्यात फाटला होता. त्या फटीतून वाळू गळत राहिली, आणि फटीत पुढे काय राहायला आले ते खाली सांगतो.

या पट्टीवर नऊ इंची विटांची भिंत दीड फूट उंच करावी. सुमारे सव्वाचारशे विटा लागतील, आणि एकास सहा सिमेंटचा माल पुरतो. उताराच्या बाजूच्या भिंतीत, अगदी तळाशी, दोन इंची पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे आरपार बसवावेत आणि त्यांच्या आतल्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. हे दोन पाइप विसरले तर बाकी सगळे केलेले व्यर्थ आहे, कारण मग तुम्ही वर उचललेली पाण्याची टाकीच बांधलेली असते. म्हणून पहिला थर लावण्यापूर्वी स्वतः उभे राहून ते बसवून घ्या. बाहेर पडणारे पाणी केळीला किंवा कर्दळीला द्यावे. कोणी शोषखड्डा सुचवतील, पण तो चालायचा तर काळा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत खणावा लागतो, आणि एवढ्याशा पाण्यासाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

भिंतीचा वरचा माथा नऊ इंच रुंद मिळतो, आणि तोच मुलांचे बसणे, दुकान मांडणे आणि भाकऱ्या थापणे यांचा ओटा होतो. त्याला सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून दोन्ही कडा रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलाईने फिरवून घ्याव्यात. शहाबादी फरशी लावण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती दिसतेही छान. पण तिचे कोपरे घासून गोल केल्याशिवाय लावू नयेत, कारण पडणारे मूल नेमके कोपऱ्यावरच पडते. घराकडच्या बाजूला भिंतीबाहेर मुरमाचा सहा इंची उतरता भराव ठोकला की नातीला चढायची उंची एक फुटावर येते.

आतल्या तळाशी तीन इंच जाडीची २० मिमीची खडी पसरावी आणि तिच्यावर जिओटेक्सटाइलचे, म्हणजे पाणी झिरपू देणारे पण वाळू अडवणारे, कापड अंथरावे. ते मिळाले नाही तर जाड विणीच्या शेडनेटचे दोन थर चालतील. प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री तेथे अजिबात घालू नये, कारण पाणी अडवणे हा या थराचा हेतू नाही. पाणी खाली जावे आणि वाळू खडीत मिसळू नये, यासाठी तो थर आहे. कापडावर ११ ते १२ इंच वाळू भरावी आणि वर तीन-चार इंच काठ मोकळा ठेवावा, नाहीतर पहिल्याच दिवशी निम्मी वाळू अंगणात जाईल.

लाकडी चौकटीविषयी अनेक जण विचारतात. आपल्याकडे वाळवी एवढी आहे की जमिनीला टेकलेले लाकूड दोन-तीन वर्षांत पोकळ होते, आणि वाळवी थांबवण्यासाठी लोक त्याला जळके ऑइल फासतात. ते ऑइल मुलांच्या हातांना आणि तोंडाला लागणार असते, तेव्हा असे लाकूड हौदाला वापरू नये. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरमध्ये क्रिओसोट नावाचे डांबरी तेल मुरवलेले असते, तेही नको. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरात वाळू भरणे स्वस्त पडते, पण उन्हात टायर चटके देतो, झिजल्यावर त्यातील तारा बाहेर येतात आणि आतल्या पोकळीत पाणी व विंचू दोन्ही जमतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी शोषखड्ड्यासाठी मिळणारी चार फूट व्यासाची, फूटभर उंचीची सिमेंटची रिंग मुरमाच्या ओट्यावर ठेवावी. त्यात १० घनफूट वाळू बसते आणि घर सोडताना रिंग बरोबर नेता येते.

आता वाळू. वाळूवर खर्च कमी करू नये. आज बांधकामावर सर्रास येते ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. काँक्रीटला ती उत्तम असते, पण तिचा दाणा टोकदार असतो आणि तिच्यात दगडाची पूड असते. मुलांची बोटे खरचटतात आणि पूड डोळ्यांत व नाकात जाते. मुलांना नदीची वाळू लागते, जिचा दाणा वाहून वाहून गोल झालेला असतो. गोदावरीची, पूर्णेची, मांजरेची किंवा तेरणेची, जी मिळेल ती चालेल. नांदेडकडे रेती म्हणून मागा. ती गौण खनिजात मोडते, म्हणून विक्रेत्याकडून रॉयल्टीची पावती मागून घ्यावी. रात्रीच्या अंधारात आलेली स्वस्त ट्रॉली नातवंडांच्या खेळासाठी घेणे मला तरी पटत नाही, आणि पकडली गेली तर कटकट वेगळीच.

वाळू फार बारीक नको आणि भरडही नको. गिलाव्यासाठी चाळून घेतात तेवढ्या जाडीची घ्यावी. फार बारीक वाळू वाऱ्याने उडते, आणि भरड वाळूचा खोपा बसत नाही. घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करता येते. काचेच्या पारदर्शक बाटलीत निम्मी वाळू घ्यावी, पाऊण भागापर्यंत पाणी घालावे, चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवावे आणि तीन तास तशीच ठेवावी. खाली वाळू बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. बांधकामात आम्ही त्या गाळाची जाडी वाळूच्या ८ टक्क्यांपर्यंत चालवून घेतो. मुलांच्या हौदासाठी ती त्याच्या निम्मीच असावी, कारण गाळ जास्त असला की वाळू वाळल्यावर तिचे ढेकूळ होते, कपड्यांना डाग पडतात आणि पावसानंतर चिखल होतो. परीक्षेत नापास झालेली वाळू फेकून द्यायला नको, धुऊन घेता येते. बारीक जाळीवर थोडी थोडी टाकून वरून पाणी सोडावे आणि ते पाणी झाडांना द्यावे.

मापात एक खोच आहे आणि तिच्यात बहुतेक गिऱ्हाईक फसते. किंचित ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा जास्त जागा व्यापते. चार-पाच टक्के ओलाव्याला ती वीस ते तीस टक्क्यांपर्यंतही फुगलेली असते. ट्रॉलीत भरलेली ओलसर वाळू हौदात पूर्ण भिजली किंवा पूर्ण वाळली की खाली बसते. तुमच्या हौदात एक फुटाच्या थराला ३६ घनफूट लागतील, पण ही घट आणि चाळणीतून निघणारे खडे धरून ४५ घनफूट घ्यावी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास येते, म्हणजे तुम्हाला अर्ध्या ट्रॉलीहूनही थोडी कमी लागेल. शेजारी कोणाचे बांधकाम चालू असेल तर वाटून घ्यावी. आल्यावर संपूर्ण वाळू गवंड्याच्या चाळणीतून काढावी आणि हे काम मजुरावर सोडून आत जाऊ नये. नदीच्या वाळूत शिंपल्यांचे धारदार तुकडे, बाभळीचे काटे, काचा आणि तारेचे तुकडे असतात. एका हौदाच्या वाळूत मला दाढीचे अर्धे पाते मिळाले होते.

पाण्याची काळजी तुम्ही विचारली, आणि २०१६ साली मिरजेहून आलेल्या रेल्वेच्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकरांनी ती विचारणे स्वाभाविकच आहे. कोरड्या वाळूत फार खेळता येत नाही. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ पडदा असला की त्याच्या ताणाने दाणे एकमेकांना धरून राहतात आणि आकार उभा राहतो. पाणी जास्त झाले की दाण्यांमधली हवा निघून जाते, तो ताण नाहीसा होतो आणि किल्ला ढासळतो. म्हणून पाणी लागते, पण थोडेच लागते. सगळा हौद भिजवू नये. एका कोपऱ्यात तीन बाय तीन फूट जागा सहा इंच खोलीपर्यंत ओलसर करायची तर सुमारे दहा लिटर, म्हणजे अर्ध्या बादलीहून थोडे जास्त पाणी लागते. घरात आरओ फिल्टर असेल तर त्यातून वाया जाणारे पाणी या कामाला चालते, फक्त महिन्यातून एकदा साध्या पाण्याने वाळू धुतली जाईल असे पाहावे, नाहीतर क्षारांचा पांढरा थर येतो. भांडी किंवा कपडे धुतलेले पाणी मात्र कधीही टाकू नये.

मांजरांचा प्रश्न गंभीर आहे. मांजराला सैल कोरडी वाळू दिसली की तो तिचा शौचकूपच असतो. तिच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो, आणि कुत्र्या-मांजरांच्या पोटातील गोलकृमी व अंकुशकृमी यांची अंडी वाळूत राहतात. टोक्सोप्लाझ्माचे बीज बाहेर पडल्यानंतर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होते, त्यामुळे विष्ठा रोजच्या रोज काढली तर धोका बराच कमी होतो. घरात कोणी गरोदर असेल तर ते काम तिने करू नये. पण खरा उपाय झाकण हाच आहे. हलक्या लोखंडी पट्टीच्या दोन चौकटी करून त्यांवर अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी. दोन चौकटी अशासाठी की एकटी बाई एका हाताने एक उचलू शकली पाहिजे. झाकण जड झाले की ते लावले जात नाही, हे मी प्रत्येक घरी पाहिले आहे. पावसात या चौकटींवर ताडपत्री टाकावी, पण पाऊस थांबला की काढावी. ताडपत्रीखाली दिवसेंदिवस कोंडलेली ओली वाळू कुबट वास मारू लागते.

खेळून झाल्यावर साबणाने हात धुणे आणि नखे कापलेली असणे, एवढ्याने जंतांचा बहुतेक प्रश्न सुटतो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाडीत व शाळेत जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू नये. तीन वर्षांचे मूल चिमूटभर वाळू तोंडात घालणारच, त्याने घाबरायचे कारण नाही. मात्र मूल पुन्हा पुन्हा, आवडीने माती-वाळू खात असेल तर ते रक्तातील लोह कमी असल्याचेही लक्षण असते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावे.

वर ज्या फटीचा उल्लेख केला, तिच्यात विंचू राहायला आला होता. सुदैवाने तो मुलांच्या आधी माळ्याला दिसला. मराठवाड्यात विंचू ही नित्याची गोष्ट आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून असंख्य मुलांचे प्राण वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातीलच. विंचवाला दिवसा अंधारी, थंड फट लागते. म्हणून हौदाच्या आसपास विटांचे ढीग, फरशांचे तुकडे आणि सरपण ठेवू नये, भिंतीला फट दिसली की लगेच सिमेंटने भरावी, आणि रोज झाकण उघडल्यावर मुलांना आत सोडण्यापूर्वी मोठ्या माणसाने दंताळ्याने वाळू एकदा ओढून घ्यावी. दोन मिनिटांचे हे काम आहे. दंश झालाच तर उतारे, पाले आणि मंत्र यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

सावलीसाठी हौदावर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट पुरते. चार कोपऱ्यांना जीआय पाइप उभे करून साडेसात फुटांवर ती ताणावी, म्हणजे मोठ्यांचे डोके लागत नाही. पश्चिमेच्या बाजूने ती दोन-तीन फूट खाली सोडावी, कारण आपल्याकडे त्रास देते ते दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन. नेट कायमची तारेने आवळू नये. एप्रिल-मेमधला वळीव वारा घेऊन येतो, आणि पक्की बांधलेली नेट पाइपांसकट उखडते. सुतळीच्या फासाने बांधली तर फार तर सुतळी तुटते. आपली नदीची वाळू गडद रंगाची असते आणि लवकर तापते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी साडेपाचपूर्वी मुलांना तेथे सोडू नये, आणि सोडण्यापूर्वी हाताची मागची बाजू वाळूवर दहाएक सेकंद टेकवून पाहावी.

खेळणी विकत आणण्याची फारशी गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली गावातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा आसपास सापडणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाचे साहित्य केले. तीच वाट घरीही धरता येते. नारळाच्या घासलेल्या करवंट्या, जुनी पिठाची चाळणी, स्टीलच्या वाट्या, संक्रांतीची बोळकी, तुटक्या दांड्याची पळी एवढे पुरे आहे. काच, पातळ पत्र्याचे डबे आणि टोकदार सळ्या तेवढ्या वगळाव्यात. ओल्या कोपऱ्यात पाय रोवून, वरून वाळू थापून, हलकेच पाय काढून घेत खोपा कसा करायचा हे मात्र तुम्हीच शिकवा. आजच्या आईवडिलांपैकी कितीतरी जणांना तो जमत नाही.

देखभालीचा व्याप फारसा नाही. आठवड्यातून एकदा फावड्याने वाळू तळापर्यंत उलटीपालटी करून दिवसभर उन्हात उघडी ठेवावी. सहा महिन्यांनी पुन्हा चाळावी. पावसाळ्याआधी एकदा पाइपांच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओतून ते बाहेर येते का ते पाहावे, कारण जाळीत गाळ अडकतो. दर वर्षी तीन-चार घमेली वाळू कमी होते, तेवढी भर घालावी. दोन वर्षांनी सगळी बदलावी आणि जुनी वाळू शेणखतासह कुंड्यांच्या काळ्या मातीत मिसळावी, माती मोकळी राहते. मुले बाहेर येण्याच्या वाटेवर दोन फूट रुंद खडीचा पट्टा आणि एक पाण्याची बादली ठेवावी, आणि पाय तेथेच धुवावेत. बाथरूममध्ये धुतले तर वाळू जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साठते आणि प्लंबरला बोलवावे लागते.

शेवटी वाळू भरण्याच्या दिवसाबद्दल. मुले उतावीळ असतील, तरी भरल्यावर लगेच त्यांना आत सोडू नका. सगळा थर पाण्याने एकदा पूर्ण भिजवा आणि पाइपांतून येणारे पाणी पाहा. सुरुवातीला ते गढूळ येईल, मग स्वच्छ होत जाईल. अजिबात आले नाही तर कापड कोठेतरी पाइपाच्या तोंडावर चिकटलेले आहे, ते तेव्हाच सोडवता येते. तीन-चार दिवसांत वाळू दोन इंच तरी खाली बसेल. तेवढी वरून भरून घ्या, आणि मग नातवंडांना बोलवा.